सात शेजारी आणि एक अंधारी खोली

जानेवारीतली संध्याकाळ, सोलापूरकडचं ज्वारीचं रान. कणसं हुरड्यात आलेली. माळ्यावर राखणीला बसलेला माणूस गोफण गुंडाळून खाली उतरायच्या बेतात. तेवढ्यात लांबवर धुराचा लोट उठावा तसं काहीतरी हलतं. धूर डावीकडे कलतो, मधेच काळाकुट्ट होतो, विरतो, ताणला जातो, पुन्हा गोळा होतो. जवळ आल्यावर कळतं, भोरड्या आहेत. काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या मैना. मध्य आशियाच्या बाजूने पावसाळा सरता सरता आपल्याकडे येतात, हिवाळा काढतात आणि एप्रिलच्या सुमाराला परततात. पळस-पांगारा फुलला की तिथेही हजेरी लावतात, म्हणून पळसमैना हे त्यांचं दुसरं नाव. कणसावर पडल्या की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि शहरातून आलेला पाहुणा मात्र मोबाइल वर धरून ‘अहाहा’ करत राहतो.

कोडं आहे ते असं. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता समोरून येणाऱ्या एका माणसाला वाट देताना आपण दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे करतो आणि तरी खांद्याला खांदा लागतोच. इथे हजारो पक्षी ताशी पस्तीसेक किलोमीटरच्या वेगाने, एकमेकांपासून दोन-तीन हातांवर उडताहेत. पुढारी नाही, शिट्टी नाही, आणि वळण मात्र सगळ्यांचं एकदम.

आता समजा, हेच दृश्य एका बंद खोलीत उभं करायचं आहे. चारही भिंतींवर आकाश, त्यात थवा, मधे आपण. दृश्यकलेत याला व्हिडिओ मांडणशिल्प म्हणतात. चित्र भिंतीवर टांगलेलं असतं आणि आपण त्याच्यासमोर उभे राहतो. मांडणशिल्पात आपण आत शिरतो. जगात थव्यावरून सुचलेली अशी कामं झालेली आहेत. ॲमस्टरडॅमच्या ‘ड्रिफ्ट’ या कलाकार जोडीने 2017 मध्ये मायामीच्या किनाऱ्यावर 300 दिवेवाले ड्रोन थव्यासारखे उडवले. जपानच्या ‘टीमलॅब’ने प्रकाशाचे कावळे खोलीभर फिरवले, ते कावळे माणसाला धडकले की त्यांची फुलं होतात. आपण इतकं भव्य काही करणार नाही. एक मध्यम आकाराची खोली कागदावर आखून पाहू. आखता आखता थवा कसा चालतो हेही समजत जाईल, कारण ही दोन कामं वेगळी करताच येत नाहीत.

चित्रीकरण करून लावलं तर?

पहिली सुचणारी गोष्ट हीच. भोरड्यांचं चांगलं चित्रीकरण करा आणि भिंतीवर दाखवा. पण कॅमेऱ्याची चौकट एका दिशेला पाहते, आपल्याला चारही दिशा हव्यात. थवा चौकटीतून बाहेर गेला की संपला. खोलीत तो पुढच्या भिंतीवर दिसायला हवा. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ती फीत कितीही लांब असली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कलादालनातला राखणदार दिवसात तिसऱ्यांदा तेच वळण बघतो तेव्हा त्याला ते पाठ झालेलं असतं. खरा थवा एकच वळण दोनदा घेत नाही.

म्हणून थवा दाखवायचा नाही, चालवायचा. संगणकात काही हजार ठिपके सोडायचे, प्रत्येकाला नियम सांगायचे आणि जे होईल ते त्याच क्षणी भिंतीवर पडू द्यायचं. इथे कलाकाराचा हात थोडा बांधला जातो. ‘आता थवा नागमोडी होऊ दे’ असं त्याला सांगता येत नाही. त्याला फक्त शेजार ठरवता येतो.

लेझीम आणि तीन नियम

इंग्लंडमध्ये एडमंड सेलस नावाचा पक्षीनिरीक्षक होता. वर्षानुवर्षं थवे पाहून तो इतका चक्रावला, की 1931 मधल्या पुस्तकात त्याने पक्ष्यांमध्ये विचारांची थेट देवाणघेवाण होत असावी, असा तर्क मांडला. आज हसू येतं, पण डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवरून तो तर्क काही अगदीच वेडा नव्हता.

उत्तराचा मोठा तुकडा पक्षीशास्त्रातून न येता संगणकचित्रांतून आला. क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकी प्रोग्रॅमरने 1986 मध्ये पडद्यावर काही ठिपके सोडले आणि त्यांचं नाव ठेवलं ‘बॉइड’. इंग्रजीत पक्ष्याला जे म्हणतात त्याचंच हे थोडं मोडलेलं रूप. प्रत्येक बॉइडला तीनच गोष्टी शिकवल्या. फार जवळ आलेल्यापासून बाजूला सर. आजूबाजूचे ज्या दिशेला चाललेत तीच दिशा धर. आणि आजूबाजूच्यांच्या मधोमध राहायचा प्रयत्न कर. बास. थवा कसा दिसावा याबद्दल एक अक्षर नाही, आणि तरी पडद्यावर थवा उडाला. 1992 च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’ सिनेमातली वटवाघळं आणि पेंग्विन याच रीतीने हलवली होती.

लेझीम खेळणारं पथक आठवा. चार रांगांत पन्नास मुलं. मधल्या मुलाला पूर्ण पथक दिसत नाही. त्याला दिसतो पुढच्याचा खांदा, बाजूच्याचा हात. शेजारी फार जवळ आला तर लेझीम लागेल म्हणून तो सरकतो, शेजारी वाकला की वाकतो, मागे पडला की दोन पावलं पुढे टाकतो. माडीवरून पाहणाऱ्याला मात्र सगळं पथक एका दोरीत बांधल्यासारखं दिसतं. फरक एवढाच, की पथकाला ढोल असतो. थव्याला ढोलही नाही.

पण मग वळण इतक्या झपाट्याने कसं पसरतं? वेन पॉट्स याने किनाऱ्यावरच्या डनलिन या लहान पक्ष्यांच्या थव्यांचं चित्रीकरण करून 1984 मध्ये मोजदाद मांडली. प्रयोगशाळेत दचकवल्यावर या पक्ष्याला हालचाल करायला 38 मिलिसेकंद लागतात. थव्यात मात्र वळण एका पक्ष्याकडून पुढच्याकडे साधारण 15 मिलिसेकंदांत जात होतं. म्हणजे पक्षी फक्त लगतच्या शेजाऱ्याची वाट पाहत नाही. लांबून येणारी लाट त्याला आधीच दिसते आणि ती पोहोचेपर्यंत तो तयार असतो. वानखेडेवर प्रेक्षकांची लाट उठते तेव्हा आपणही शेजारचा उठेपर्यंत थांबत नाही. ती पलीकडच्या स्टँडमध्ये असतानाच पॉपकॉर्न मांडीवरून खाली ठेवतो.

हातभर अंतर की सात जण?

‘आजूबाजूचे’ हा शब्द वर सहज वापरला. खोली आखताना तोच आडवा येतो. आजूबाजूचे म्हणजे कोण? रेनॉल्ड्सच्या ठिपक्यांसाठी ते एका ठरावीक अंतराच्या आतले. इतक्या मीटरच्या वर्तुळात जो असेल तो शेजारी.

रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ हिवाळ्यात स्टार्लिंग, म्हणजे आपल्या भोरड्यांचे युरोपातले चुलतभाऊ, प्रचंड संख्येने रात्री उतरतात. तिथल्या पालात्सो मास्सिमो या संग्रहालयाच्या गच्चीवर भौतिकशास्त्रज्ञांनी अंतर राखून कॅमेरे लावले आणि एकाच क्षणी फोटो घेतले. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळतं, तसंच. त्यावरून हजारोंच्या थव्यातल्या एकेका पक्ष्याची जागा त्यांनी काढली. या गटात जॉर्जो पारिसी होते, ज्यांना पुढे 2021 मध्ये वेगळ्या कामासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. 2008 मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: पक्षी अंतर मोजत नाही, माणसं मोजतो. म्हणजे पक्षी मोजतो. सर्वांत जवळचे सहा-सात, मग ते हातावर असोत की दहा हातांवर.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. खोलीत तो सगळं ठरवतो. समजा थव्यात मधेच बहिरी ससाणा घुसला. थवा ताणला गेला, पक्ष्यांमधलं अंतर वाढलं. अंतराचा नियम असेल तर वर्तुळाच्या बाहेर गेलेला शेजारी शेजारी उरत नाही. थवा फाटलेल्या दुधासारखा तुकड्या-तुकड्यांत विखुरतो आणि ते तुकडे एकत्र येत नाहीत. सातचा नियम असेल तर अंतर वाढलं तरी सात जण सातच राहतात. थवा मळलेल्या कणकेसारखा लांबतो, बारीक होतो आणि दाब गेला की परत गोळा होतो. आपल्या खोलीत ससाण्याचं काम बहुधा माणसंच करणार आहेत, शाळेची सहल आली तर एकाच वेळी चाळीस ससाणे. तेव्हा नियम सातचाच घ्यायचा.

आमच्या वाड्यातल्या एका आजींची शेजाराची व्याख्याही अशीच होती. कुणी उपनगरात राहायला गेलं तरी ते शेजारीच. समोर नवीन राहायला आलेले मात्र वर्षभर ‘ते नवे लोक’.

ठिपक्याला पंख हवेत

नियम दिले, ठिपके उडाले, आणि तरी भिंतीवरचं दृश्य काहीसं मेलेलं वाटतं. यामागचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं.

खऱ्या थव्यातून गडद पट्टे धावतात. ससाणा एका टोकाला आला की त्या टोकापासून काळी लाट निघते आणि दुसऱ्या टोकाला जाऊन विरते. पाहणाऱ्याला वाटतं, पक्षी तिथे दाटीने गोळा झाले असतील. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात शार्लोट हेमेलरेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकात थवा चालवून हे तपासलं. 2015 मधलं त्यांचं म्हणणं असं, की लाट दिसते ती मुख्यतः दाटीमुळे नाही, कलण्यामुळे. पक्षी झटकन वळतो तेव्हा अंग एका कुशीवर टाकतो; एरवी आपल्याला कडेने दिसणारे पंख त्या क्षणी पसरलेले दिसतात. जागा तीच, पक्षी तेवढेच, पण आकाश जास्त झाकलं जातं.

घरात खिडकीला आडव्या पट्ट्यांचा पडदा असेल तर दोरी ओढून पाहा. पट्ट्या जागच्या हलत नाहीत, फक्त फिरतात आणि खोली काळोखी होते. थवा म्हणजे अशा हजारो सुट्या पट्ट्या, एकीपाठोपाठ एक फिरणाऱ्या.

म्हणून आपल्या खोलीतला पक्षी गोल ठिपका असून चालत नाही. गोल ठिपका कसाही फिरवा, गोलच दिसतो. त्याला चपटा करायचा, चिंचेच्या पानाएवढा का होईना पंखाचा आकार द्यायचा, आणि वळताना त्याने किती कलायचं हे सांगायचं. काळी लाट वेगळी रंगवावी लागत नाही, ती आपोआप धावू लागते.

रोमच्या मोजमापांतून आणखी दोन गोष्टी उचलाव्यात. थवा चेंडूसारखा गोल नसतो, बराचसा चपटा असतो, भाकरीला जवळचा. आणि त्याची कड मधल्या भागापेक्षा दाट असते. आपण हाताने थवा काढायला बसलो तर नेमकं उलट काढू, मधे दाट आणि कडेला विरळ.

भिंतींचा हिशेब

आता टेप घेऊन खोलीत शिरू. 13 मीटर लांब, 9 मीटर रुंद, उंच छताचं एखादं जुनं गोदाम धरा. चित्र जमिनीपासून अर्ध्या मीटरवर सुरू होईल आणि साडेतीन मीटरवर संपेल.

चौकट: कागदावरची खोली
एका प्रोजेक्टरचं चित्र: 4.8 मीटर रुंद, 3 मीटर उंच
लांब भिंतीला 3 प्रोजेक्टर, आखूड भिंतीला 2. चार भिंतींना मिळून 10
शेजारच्या दोन चित्रांचा एकमेकांवर चढणारा भाग: 60 ते 70 सेंटिमीटर
चित्रातला एक बिंदू (1,920 बिंदूंची ओळ धरून): 2.5 मिलिमीटर
भिंतीवरची एक भोरडी: सुमारे 9 मिलिमीटर, म्हणजे साडेतीन बिंदू
पक्षी: 4,000

भोरडी 9 मिलिमीटर कुठून आली? खरी भोरडी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण 22 सेंटिमीटर असते. ती 100 मीटरवर उडते आहे आणि आपण भिंतीपासून 4 मीटरवर उभे आहोत असं धरा. भिंत 25 पट जवळ आहे, तर पक्षीही 25 पट लहान काढायचा. 22 सेंटिमीटरचे झाले सुमारे 9 मिलिमीटर. ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी भोरडी. आत येणारा प्रत्येक जण आधी हेच म्हणणार, ‘एवढीशी?’ आणि कलाकाराला मोह होणार तिला मोठी करायचा. करू नये, असं माझं मत. पक्षी मोठा झाला की आकाश लहान होतं.

वेगाचाही हिशेब याच पटीत बसतो. सेकंदाला 10 मीटर उडणारा पक्षी भिंतीवर सेकंदाला 40 सेंटिमीटर सरकेल. व्हिडिओ म्हणजे शेवटी स्थिर चित्रांची माळ. सेकंदाला 25 चित्रं दाखवली तर दोन चित्रांच्या मधे पक्षी 16 मिलिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे स्वतःच्या लांबीहून जास्त. डोळ्याला तो उडताना न दिसता टुणटुण उड्या मारताना दिसतो. सेकंदाला 60 चित्रं दाखवली तर उडी सात मिलिमीटरच्या आत येते, अंगाच्या लांबीपेक्षा कमी, आणि उड्डाण सलग वाटतं. एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1882 मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून उडते पक्षी सेकंदाला 12 चित्रांनी टिपले होते. त्याला उड्डाणाचे टप्पे सुटे करून बघायचे होते, त्यामुळे त्याचं भागलं. आपल्याला ते टप्पे पुन्हा शिवायचे आहेत.

दोन प्रोजेक्टरांची चित्रं जिथे मिळतात तिथे शिवण दिसू नये म्हणून ती थोडी एकमेकांवर चढवतात. चढलेल्या पट्टीत प्रकाश दुप्पट होतो, म्हणून एकाचा प्रकाश हळूहळू कमी आणि दुसऱ्याचा हळूहळू जास्त करत नेतात. गोधडी शिवताना कापडाचे काठ एकमेकांवर घेतात, तसंच. गंमत म्हणजे प्रोजेक्टर तापला की भिंगाची बैठक केसभर हलते आणि सकाळी नीट जुळलेली शिवण दुपारी उसवलेली दिसते. काठावरचा एकच पक्षी तिथे दोन दिसू लागतो. त्यामुळे यंत्रं तासभर तापल्यावरच जुळवणी करायची.

कोपरे मात्र शिवायचे नाहीत, कापायचे. प्रत्येक भिंत म्हणजे एक खिडकी समजून, खोलीच्या मध्यावरून त्या खिडकीतून जेवढं आकाश दिसेल तेवढंच तिथे काढायचं. मग थवा कोपऱ्यातून वळतो तेव्हा मोडत नाही. पण हे अचूक जुळतं ते मध्यावर उभ्या असलेल्यालाच. भिंतीला खेटून उभा असलेल्याला कोपऱ्यात थवा दुमडलेला दिसेल. इथे थव्याचा आकारहीनपणाच मदतीला येतो. ठरावीक आकाराच्या वस्तूचं असं वाकडं होणं लगेच खटकतं. घराचा खांब वाकला तर कुणीही बोट दाखवेल. धुरासारख्या, सतत आकार बदलणाऱ्या थव्याला ‘बरोबर’ असा आकारच नसतो, तर तो वाकला हे कळणार कुणाला?

सावल्यांचंही आधीच पाहून ठेवावं लागतं. प्रोजेक्टर भिंतीपासून पावणेचार मीटरवर आणि जमिनीपासून 4.2 मीटर उंच टांगला, तर मध्यम उंचीचा माणूस भिंतीपासून सव्वा मीटरच्या आत येईपर्यंत त्याची सावली चित्रावर पडत नाही. म्हणून जमिनीवर तेवढ्या अंतरावर गालिचा संपवायचा. दोरी बांधू नये. दोरी दिसली की माणूस संग्रहालयात असल्यासारखा वागू लागतो. गालिच्याची कड पायाला कळते आणि बहुतेक जण नकळत थांबतात.

काळा रंग कुठून आणायचा?

नवख्याची फजिती हमखास होते ती या ठिकाणी. माझी घरच्या भिंतीवर झाली. केशरी आकाशावर काळे पक्षी काढले, मित्राकडून आणलेला प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर उमटले राखाडी डाग.

प्रोजेक्टर प्रकाश फेकतो, काळोख फेकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे जिथे प्रकाश पडलेला नाही ती भिंत. आणि ती भिंत पांढरी असेल, खोलीत दुसरीकडून उजेड येत असेल, तर काळा म्हणून राखाडीच दिसणार. सिनेमागृहात एकच पडदा असतो. आपल्या खोलीत चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात. पूर्वेच्या भिंतीवरचं केशरी आकाश पश्चिमेच्या भिंतीवरचे पक्षी धुऊन टाकतं. त्यात कुणी पांढरा सदरा घालून आला की तो चालता-फिरता दिवाच.

उपाय तीन. भिंती पांढऱ्या न रंगवता राखाडी रंगवायच्या. त्याने चित्र थोडं मंद होतं पण परत फिरणारा उजेड त्याहून कमी होतो. जमीन आणि छत काळं. आणि आकाश पूर्ण उजळलेलं न घेता सूर्य बुडून वीसेक मिनिटं झाल्यानंतरचं, एकाच बाजूला किंचित तांबूस, बाकी तीन बाजूंना निळसर काळोख. भोरड्या रात्रीच्या मुक्कामाला याच सुमाराला उतरतात, त्यामुळे सोय आणि सत्य इथे एकाच बाजूला आहेत, जे कलेत क्वचित होतं. टीमलॅबचे कावळे काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाशाचे का आहेत, याचं निदान अर्धं उत्तर मला याच अडचणीत दिसतं. काळोखावर उजेड काढणं यंत्राला सोपं, उजेडावर काळोख काढणं महाकठीण.

वॉर्डवार शिरगणती

संगणकाकडे थोडक्यात पाहू. 4,000 पक्ष्यांपैकी प्रत्येकाने आपले सात शेजारी शोधायला बाकी सगळ्यांशी अंतर मोजलं, तर एका चित्रासाठी 1 कोटी 60 लाख मोजण्या. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे 96 कोटी. आणि एका चित्रासाठी हातात जेमतेम 16 मिलिसेकंद, त्यातच दहा प्रोजेक्टरांसाठी चित्रही काढायचं.

यावर उपाय आपल्या पोस्टमनला पूर्वीपासून ठाऊक आहे. सगळ्या आकाशाचे चौकोनी वॉर्ड पाडायचे. प्रत्येक पक्ष्याने आधी आपला वॉर्ड सांगायचा आणि शेजारी शोधायचे ते त्या वॉर्डात व त्याला लागून असलेल्या वॉर्डांत. तिथे सात भरले नाहीत तरच पुढच्या आळीत जायचं. कोटींचं काम काही लाखांवर येतं.

ससाणा कोण?

छताला अंतर मोजणारे कॅमेरे लावले की माणसं कुठे उभी आहेत हे संगणकाला कळतं. हे कॅमेरे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण वापरतात, त्यामुळे अंधारातही चालतात आणि चेहरे टिपायची गरज पडत नाही. प्रश्न पुढचा आहे. माणूस कळल्यावर थव्याने करायचं काय?

सोपं उत्तर, घाबरायचं. हात हलवला की थवा फुटला. पण त्याने पहिल्या दोन मिनिटांत खोलीचं खेळणं होतं. मुलं भिंतीपाशी हात उडवतात, थवा पळतो, मुलं दमतात आणि बाहेर जातात. वर पाहत उभं राहायला कुणालाच वेळ मिळत नाही.

मी असतो खोली आखणारा, तर वेगाला भीती जोडली असती, माणसाला नाही. चालत गेलात तर थवा वाट वाकडी करतो. धावलात तर फुटतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो. आणि कुणी मिनिटभर हलला नाही, तर त्या माणसाला पक्ष्यांच्या सातमध्ये धरायचं. जो पक्षी त्याच्या सर्वांत जवळून जाईल त्याचा एक शेजारी हा माणूस. माणूस थांबलेला, म्हणून तो पक्षी थोडा मंदावतो, त्याच्यामुळे आणखी सात मंदावतात, आणि हळूहळू थव्याची एक घडी त्या माणसाच्या माथ्यावर रेंगाळू लागते. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. बाहेर सूचनाफलक लावायचा मोह होईल, तो आवरायचा.

पाय जमिनीवर

स्टेशनात आपली गाडी उभी असते, शेजारची सुटते आणि क्षणभर आपणच निघालो असं वाटून पोटात हलतं. नजरेचा मोठा भाग एका दिशेला सरकला की मेंदू ‘मीच हललो’ असा अर्थ लावतो आणि तोल सांभाळणारे कान म्हणतात, नाही. या भांडणात काहींना मळमळतं. चारही भिंतींवर थवा गरगरू लागला तर तेच होणार. म्हणून आकाश कधी फिरवायचं नाही, फक्त पक्षी फिरतील. आणि चित्राच्या तळाला न हलणारी एक रेघ ठेवायची: बाभळींची काळी कड, विजेचा एखादा खांब. नजर अडखळली की तिथे येऊन टेकते.

आवाज कमीत कमी. 100 मीटरवरच्या थव्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला साधारण तीन दशांश सेकंद लागतात. तेवढा उशीर मुद्दाम ठेवला की थवा आपोआप लांब वाटतो. खोलीभर आठ स्पीकर आणि थवा जिकडे असेल तिकडून पंखांची सळसळ. आवाज टिपायला रानात जाताना ड्रोन नेऊ नये; पक्षी बिथरतात.

आणि वीज. दहा प्रोजेक्टर, पाच संगणक, प्रत्येकी अर्धा किलोवॉट धरलं तरी साडेसात किलोवॉट. आठ तास चाललं तर रोजची साठ युनिटं. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणजे दोन टनांहून थोडं जास्त वातानुकूलन फक्त यंत्रांसाठी, माणसांचं वेगळं. सकाळी हे सगळं चालू करणारा कलाकार नसतो, दालनातला कर्मचारी असतो. त्याच्यासाठी एकच बटण हवं.

रातथारा

शेवट कसा करायचा, हे सर्वांत शेवटी ठरवायचं असतं आणि बहुतेकदा तेव्हा पैसे संपलेले असतात. थव्याने तो आधीच ठरवून दिलेला आहे. पक्षी जिथे रात्र काढतात त्या जागेला रातथारा म्हणतात. अर्धा तास आभाळात घिरट्या घालणारा थवा एका क्षणी, काही कारण दिसत नसताना, नरसाळ्यातून तेल ओतावं तसा एका बाभळीत ओतला जातो. आकाश रिकामं. आणि मग झाडातून कलकलाट उठतो, जागेवरून भांडणारा, हजार गळ्यांचा.

संगणकात हा पाचवा-सहावा नियम: उजेड ठरावीक पातळीखाली गेला की प्रत्येकाला खालच्या बाभळीची ओढ लावायची, सुरुवातीला किंचित, मग वाढती. चारही भिंतींवरचं आकाश मिटत नेऊन पूर्ण काळोख करायचा. चाळीस सेकंद फक्त कलकलाट, तोही एकाच कोपऱ्यातून, गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेल्या स्पीकरमधून. लोक संपलं असं समजून मोबाइलचा दिवा लावतील आणि दाराकडे वळतील. दार आतल्या बाजूला उघडणारं नसावं, सुरक्षेसाठीही आणि यासाठीही, की बाहेरच्या ट्यूबलाइटची पट्टी थेट त्या कोपऱ्यावर पडू नये. दारासमोर दोन हात सोडून एक काळा पडदा टांगायचा. कोपऱ्यातला कलकलाट तेवढ्यात हळूहळू थांबत येतो, एखादी भोरडी उगाच कुरकुरते, आणि पडद्यापलीकडून पुढच्या गटातल्या कुणाची तरी कुजबुज ऐकू येते.